बुडीबाई

आमच्या बुडीबाई सबंध वर्गाची हजेरी एका श्वासात घ्यायच्या. अनुसयेपासून हौसापर्यंत नावांची रांग सुरू झाली की मध्ये थांबणं नाही. कुणी ‘हजर’ म्हणायला उशीर केला तर बाईंचा चेहरा लाल व्हायचा, पण श्वास म्हणून घ्यायच्या नाहीत. आम्ही मुली काही कमी आगाऊ नव्हतो. एकदा शमीम आणि मी ठरवून नेमक्या आपल्या नावाला खोकत बसलो. बाईंनी आमच्याकडे नुसतं बघितलं, हजेरी पुरी केली, हजेरीपट मिटला आणि मग सावकाश श्वास सोडून म्हणाल्या, “झाला का खोकला? आता दोघी उभ्या राहून पाढे म्हणा.”

बुडीबाई हे नाव आम्ही ठेवलेलं नव्हतं, ते खुलताबादनं ठेवलं होतं. बुडी मारतात म्हणून बुडीबाई. तोंडावर मात्र सगळे नुसतं ‘बाई’ म्हणायचे. त्यांचं खरं नाव हेडमास्तरांनाही पगाराच्या दिवशी सही बघून आठवायचं. बाई उंच होत्या, खांदे पुरुषासारखे रुंद, आणि त्या खांद्यांवरून पदर घट्ट ओढून घेऊन त्या शाळेत यायच्या. जणू खांदे असणं हाच काही अपराध होता.

त्या मूळच्या मेंढपाळांच्या. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत त्यांचे वडील निम्मी मेंढरं गमावून औरंगाबादजवळ हर्सूलच्या तळ्याकाठी येऊन राहिले, तेव्हा बाई कडेवर होत्या. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात. वडील या काठावरून कळप पाण्यात लोटायचे आणि ही पोर मेंढरांबरोबर पोहत त्यांना पलीकडे न्यायची. बाई सांगायच्या, “मेंढरू बुडत नाय. ते घाबरून माघारी फिरतं. त्याला पल्याड न्यायचं तर त्याच्या आधी आपण पाण्यात पायजे.” पोहायला त्यांना कुणी शिकवलं नाही. मेंढरांना तरी कुणी शिकवलं होतं, असं त्या वर म्हणायच्या.

शहरातल्या शाळेच्या ड्रिलमास्तरांनी तिला तळ्यात बघितलं आणि चौदाव्या वर्षी ती पुण्याला स्पर्धेत गेली. तिथं तिनं पहिल्यांदा पोहण्याच्या हौदाचं पाणी पाहिलं. निळं, स्वच्छ, तळ दिसणारं. तळ दिसल्यावर तिला भोवळच आली. शिट्टी वाजली तशी ती सुटली, सगळ्यांच्या आधी समोरच्या भिंतीला पोचली, वर चढून आली आणि वेणी पिळत उभी राहिली. बाकीच्या मुली भिंतीला पाय लावून परत निघाल्या होत्या. तळ्याला पलीकडचा काठ असतो. पोचल्यावर माघारी यायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ही गोष्ट बाई स्वतःच हसत हसत सांगायच्या. पुढच्या दोन वर्षांत मात्र राज्यातली एकही मुलगी तिच्यापुढे गेली नाही. कप मिळाले, हार मिळाले, आणि वर्तमानपत्रात फोटोही आला.

तो फोटो मात्र त्या हसत सांगत नसत. पोहण्याच्या पोशाखातला होता. वडिलांना वाचता येत नव्हतं, पण फोटो बघायला अक्षरं लागत नाहीत आणि वाचून दाखवणारे शेजारी काय, हवे तेवढे मिळतात. जमत आलेलं लग्न मोडलं. मग दुसरं जमलंच नाही. कातरणीला धुवायची मेंढरंसुद्धा वडिलांनी धाकट्या भावाच्या हवाली केली आणि हिला घरात बसवलं. सतराव्या वर्षी आपलं पोहणं संपलं, असं तिनं धरून चाललं. शिकून मास्तरीण झाली आणि खुलताबादला आमच्या मुलींच्या शाळेवर रुजू झाली. तिथं तिचं पोहणं वेगळ्याच तऱ्हेनं सुरू झालं.

रुजू होऊन महिनाही झाला नसेल. गावाबाहेरच्या एका विहिरीत कुणाची तरी सून पडली. उतरणारे गडी काठावर जमले होते, पण सासरा आडवा झाला. जिवंतपणी तोंड न दाखवलेल्या सुनेला परक्या पुरुषाचा हात लागू देणार नाही म्हणाला. कुणाला तरी आठवलं, शाळेतली नवी बाई पोहणारी आहे. निरोप आला तेव्हा बाईंना वाटलं, सून बुडते आहे, तिला वाचवायचं आहे. हातातला खडू तसाच घेऊन त्या धावत सुटल्या. विहिरीवर पोचल्यावर त्यांना कळलं की धावायचं काही कारण नव्हतं.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. हिंदूंच्या घरचं असो की मुसलमानांच्या, बाईमाणूस विहिरीत गेलं की काढायला बाई. आसपासच्या गावांतूनही बोलावणं यायचं. सायकलवरून कुणीतरी यायचा, वर्गाच्या दारात टोपी काढून उभा राहायचा आणि खाली बघून म्हणायचा, “बाई, जरा चलता का?” एवढंच. कुठं, कशाला, हे त्यानं सांगायचं नाही आणि बाईंनी विचारायचं नाही. खडू ठेवून, आम्हाला कविता पाठ करायला सांगून त्या निघायच्या. दुसऱ्या दिवशी हजेरी व्हायची, पण ती एका श्वासातली नसायची. प्रत्येक नावापुढे बाई थांबायच्या, ‘हजर’ ऐकायच्या, त्या मुलीकडे मान वर करून बघायच्या, मग पुढचं नाव. त्या दिवशी आम्ही कुणी खोकत नसू.

अशा वेळी गावात बोलायचा शब्द ठरलेला होता. पाय घसरला. पाणी शेंदताना पाय घसरला, धुणं धुताना पाय घसरला. पोलीस पाटील विहिरीवर आला की पहिल्यांदा बाईंनाच विचारायचा, “पाय घसरला म्हणायचा ना, बाई?” आणि ओल्या लुगड्यानं थरथरत उभ्या असलेल्या बाई म्हणायच्या, “व्हय.” पुरुषाचा पाय आमच्या भागात फारसा घसरत नसे. पोरवयाच्या सुनांचाच घसरायचा. सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं, पण तो शब्द म्हटला की मागचं बोलणं बंद व्हायचं आणि माणसं जेवायला घरी जायला मोकळी व्हायची.

बाईंचं काय व्हायचं, ते कुणी बघत नव्हतं. कामाबद्दल नवं लुगडं द्यायची पद्धत होती, ते त्या वाटेतच कुणाला देऊन टाकायच्या. घरमालकीण त्यांना अंगणात आंघोळ करून मगच आत घ्यायची. हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं नसे. त्यांनी ज्यांच्या लेकीबाळी काढल्या, ती माणसंही रस्त्यात त्या दिसल्या की पलीकडच्या कडेला जायची. मला आजही त्या माणसांचा राग येतो. हात लावायला बाई हव्या होत्या आणि हात लावला म्हणून बाई नको होत्या.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या. तळाची माती भेगाळली. लोक खडी फोडायला जात होते आणि बाई मात्र त्या वर्षी कधी नव्हे त्या खुशीत होत्या. वर्गात गाणी म्हणायच्या, आमच्याबरोबर लंगडी खेळायच्या. लोकांना ते फार खटकलं. माझी आईसुद्धा म्हणाली, “लोक पाण्यापायी मरायलेत आन् हिला लईच मजा यायलीय.” सायकलवाला वर्षभर आला नव्हता, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. मग दुष्काळी कामांत त्याच विहिरी आणखी खोल खणल्या गेल्या. पुढच्या वर्षी पाणी आलं, विहिरी भरल्या, आणि बाईंचं गाणं बंद झालं.

त्याच सुमाराला त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलं असावं. हेडमास्तरांना गळ घालून त्यांनी पालकांना शाळेत बोलावलं आणि मुलींना पोहायला शिकवायचं आहे, असं सांगितलं. एकच गलका उडाला. मुलींना? पाण्यात? लोकांसमोर? बाईंनी सगळ्यांना बोलू दिलं. मग पदर सारखा करून अगदी शांतपणे म्हणाल्या, “गावात बायकांचे पाय लई घसरायलेत. मी नाय म्हणत, तुम्हीच म्हणता. दर बारीला मला विचारता, मी व्हय म्हणते. मग घसरल्यावर वर कसं यायचं, तेवढं पोरींना शिकवू द्या. का पाय घसरत नाय म्हणता?”

पाय घसरत नाही असं म्हणायचं, तर मग काय होतं ते सांगावं लागलं असतं. माझे वडील चष्मा पुसत बसले. शेवटी शमीमचे वडील उठले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. दर्ग्याजवळ त्यांचं अत्तराचं दुकान होतं आणि गावाबाहेर थोडं शेत होतं. ते म्हणाले, “बाई, मेरी बावडी लेव. पायऱ्यांकी है. मगर मरद लोकां उधर नक्को आना, मैं भी नई आता.” चाचांनी हो म्हटल्यावर इतरांना नाही म्हणणं जड गेलं.

सभेला न आलेल्यांच्या घरी बाई स्वतः जायला निघाल्या आणि तिथंच घात झाला. आमच्या वर्गात चंद्रकला नावाची मुलगी होती. काटक, हुशार, झाडावर सरसर चढणारी. ही सगळ्यांत आधी शिकेल असं बाई म्हणायच्या. सुटीच्या दिवशी भर दुपारी बाई तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. चंद्रकला तेव्हा धुणं घेऊन विहिरीवर गेलेली. आई चुलीपुढून उठून बघते तो उंबऱ्यात बुडीबाई. बाईंनी तोंड उघडायच्या आत त्या माउलीनं ऊर बडवायला सुरुवात केली. “माझी चंदे गं, कशी गेलीस गं.” गल्ली गोळा झाली. बाई हात जोडून सांगत होत्या, अहो तसं नाही, तसं नाही, पण रडारडीत ऐकतो कोण? एवढ्यात डोक्यावर ओल्या धुण्याचं टोपलं घेऊन चंद्रकला आली आणि गर्दी बघून विचारू लागली, कोण गेलं म्हणून.

आम्ही शाळेत या प्रसंगावर पोट धरून हसलो होतो. चंद्रकला स्वतः आईची नक्कल करून दाखवायची. पण तिची आई त्या दिवशी जी घाबरली ती घाबरली. लेक दारात जिवंत उभी असतानाही तिचा थरकाप जाईना. बाईंच्या पायांवर डोकं ठेवून ती म्हणाली, “बाई, पाया पडते. पुन्हा माझ्या उंबऱ्याला येऊ नका. आन् माझ्या लेकीला तुमचा हात नगं.” बाई तशाच परत आल्या. त्यानंतर त्या कधी कुणाच्या दारात गेल्या नाहीत. काही सांगायचं असलं तर रस्त्यावरूनच हाक मारायच्या.

दर रविवारी सकाळी चाचांच्या विहिरीवर आमची शाळा भरू लागली. वाटेच्या बाजूला चाचांच्या घरातल्या बायका चादरी धरून उभ्या राहायच्या. शमीम सलवार-कुडत्यात, आम्ही परकराचा काचा मारून, पाठीला रिकामे डबे बांधलेले. काठावर उभं करून बाई सरळ ढकलून द्यायच्या. नाकातोंडात पाणी जाऊन आम्ही वर आलो की म्हणायच्या, “बघितलंस का? पाण्याला माणूस नगं असतं. ते वर ढकलतं. तूच भिऊन त्याला धरून बसतीस.” काही महिन्यांत डबे सुटले. ज्या दिवशी मी डब्याविना विहीर पार केली, त्या दिवशी बाईंनी मला कडेला ओढून घेतलं आणि म्हणाल्या, “झालं. आता तुला बुडता यायचं नाय. मनात आणलंस तरी अंग ऐकायचं नाय.” मला ते कौतुक वाटलं. गावातली एकही मुलगी आपल्याला विहिरीतून काढावी लागू नये, एवढाच बाईंचा हट्ट होता, हे समजायचं माझं वय नव्हतं.

चंद्रकला आईची नजर चुकवून यायची, पण पाण्यात उतरायची नाही. आईनं तिला शपथ घातली होती. बांधावर पाय पोटाशी घेऊन बसायची आणि कोण कसं चुकतं ते ओरडून सांगायची. बाई तिला बोलवत नव्हत्या आणि हाकलतही नव्हत्या. सातवी झाल्याबरोबर वेरूळच्या बाजूच्या एका गावात तिचं लग्न झालं.

दोन पावसाळे गेले असतील. मी नववीत होते, बाई आम्हाला आता शिकवत नव्हत्या, पण त्यांचा वर्ग आमच्या शेजारीच होता. सायकलवाला आला, टोपी काढून उभा राहिला. गाव लांबचं होतं म्हणून चाचा आपला टांगा घेऊन बाईंबरोबर गेले. पुढचं सगळं मला चाचांकडून कळलं. बाईंनी बुडी मारली, वर आल्या आणि पायरीवर बसून राहिल्या. चंद्रकलेचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. तिथला पोलीस पाटील पुढे झाला आणि रिवाजाप्रमाणे म्हणाला, “पाय घसरला म्हणायचा ना, बाई?”

बाई म्हणाल्या, “नाय. हिचा पाय घसरला नाय. हिच्या पाठीवर वळ हायेत.”

पाटलानं पुन्हा विचारलं, समजावून विचारलं. चाचांनीसुद्धा हळूच म्हटलं, “बाई, जाने देव. अब क्या फायदा.” बाईंनी तेच उत्तर पुन्हा दिलं, आणि फौजदार आल्यावर त्यालाही तेच दिलं. वर्षानुवर्षं व्हय म्हणणाऱ्या बाईंना त्या दिवशी ते एवढंसं व्हय म्हणवलं नाही.

पुढे काय झालं म्हणाल, तर सासरच्यांना काही झालं नाही. नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. जे व्हायचं ते आमच्या गावात झालं. बाईंचं बोलणं त्यांच्या आधी खुलताबादला पोचलं होतं. पुढच्या रविवारी विहिरीवर शमीम सोडून कुणी गेलं नाही. पाय घसरतो म्हणून पोहायला शिकवायचं, इथवर ठीक होतं. पण आता तो शब्द बाईंनीच मोडला होता. आता मुलीला पोहायला पाठवणं म्हणजे पुढे सासरी तिच्यावर काय वेळ येणार आहे, हे आपणच गावाला सांगण्यासारखं होतं. एका मुलीला बघायला आलेल्यांनी तर सरळ विचारलं म्हणे, “तुमच्या मुलीला पोहता येतं? कशापायी शिकवलं?” माझ्या वडिलांनी मला काही समजावून सांगितलं नाही. रविवारी सकाळी ते दारातच पेपर वाचत बसायला लागले.

बाई बरेच रविवार डबे घेऊन विहिरीवर जात राहिल्या. मग त्यांची बदली झाली, घाटाखालच्या कुठल्याशा गावाला. त्या गेल्या त्या दिवशी आमच्या वर्गात परीक्षा होती.

बाईंची आणि माझी शेवटची भेट झाली ती औरंगाबादजवळ बजाजनगरला. निवृत्त होऊन त्या भाच्याकडे राहत होत्या. तो वाळूजच्या कारखान्यात होता. मागच्या खोलीत, पाण्याच्या निळ्या पिंपांशेजारी त्यांची खाट होती. खांदे उतरले होते, गुडघे धरले होते. मला ओळखलं, पण नावानं नाही. “चाचाच्या बावडीतली ना तू?” म्हणाल्या. चहा झाला. शमीमची चौकशी झाली. मग स्वतःहूनच त्यांनी तो विषय काढला, जणू काल सोडलेलं बोलणं पुढे चालवत होत्या.

“त्या दिवशी मी व्हय म्हणायला पायजे होतं गं,” त्या म्हणाल्या. “चंदी तर गेलीच होती. एक डाव आणखी व्हय म्हणले असते तर रविवार चालू राहिले असते. किती पोरी शिकल्या असत्या. एका मेलेलीसाठी खरं बोलले आन् जित्या पोरी सोडून दिल्या. काय मिळालं मला खरं बोलून?”

त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं आणि जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आईला नाही, पुढे नवऱ्यापासून वेगळी झाले तेव्हा वकिलालाही नाही, तेच बाहेर पडलं. “बाई, मी विहिरीत उडी टाकली होती. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी.”

बाईंनी माझं मनगट धरलं. त्या वयातही पकड घट्ट होती.

“मग?”

“मग काय, तुम्ही म्हणाला होतात तसंच. अंगानं ऐकलं नाही. हात आपोआप चालायला लागले. पायरी धरली आणि वर आले.”

बाईंचे डोळे भरले. त्या दिवशी मला पहिल्यांदाच वाटलं की आपण यांना काहीतरी दिलं. थोडा वेळ त्या माझं मनगट चोळत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “वर आल्यावर कुठं गेलीस?”

“घरी,” मी म्हणाले. “दुसरीकडं कुठं जाणार? लुगडं पिळलं आणि त्याच घरी गेले. पुढं बारा-पंधरा वर्षं तिथंच होते.”

बाईंनी मनगट सोडलं. भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, “वर आल्यावर कुठं जायचं, ते तुम्हाला शिकवायचं राहिलंच माझ्याकडून.”